बारा गावचं पाणी

माइक सिलिंजर हा कॅनडाचा आइस हॉकीपटू नॅशनल हॉकी लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या, बारा संघांकडून खेळला. त्या लीगमध्ये इतक्या संघांचा गणवेश दुसऱ्या कोणीही घातलेला नाही. त्याचा जन्म 29 जून 1971 रोजी सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायना शहरात झाला. 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंना संघांनी आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, डेट्रॉइट रेड विंग्जने त्याला पहिल्याच फेरीत, एकूण अकराव्या क्रमांकावर निवडले. 2009 मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर 1,049 सामने, 240 गोल आणि 308 असिस्ट होते. डेट्रॉइट, ॲनाहाइम, व्हँकूव्हर, फिलाडेल्फिया, टँपा बे, फ्लोरिडा, ऑटावा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल आणि न्यूयॉर्क आयलंडर्स हा त्याच्या संघांचा क्रम.

संघामागून संघ बदलणाऱ्या अशा खेळाडूंचा एक वर्गच उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक हॉकीत आहे. 1960 आणि 70 च्या दशकांत गोलरक्षक गॅरी स्मिथ इतक्या गावी फिरला, की त्याला सगळे ‘सूटकेस’ म्हणू लागले. याच स्मिथने 1972 मध्ये टोनी एस्पोझिटोबरोबर गोलरक्षकांसाठीचा व्हेझिना करंडक मिळवला होता, हे मात्र टोपणनावाइतके कोणाच्या लक्षात राहिले नाही. फिरत्या खेळाडूविषयी दोन मते पूर्वीपासून चालत आली आहेत. एका मते तो कोणालाच न हवा असलेला माणूस, दुसऱ्या मते तो सगळ्यांना हवा असलेला. पहिल्याला येथे पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हटले आहे.

पूर्वपक्ष : बारा संघांनी घेतला, याचाच अर्थ अकरा संघांनी सोडला. जो हवाहवासा असतो, त्याला कोणी सोडत नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूकडून संघाची अपेक्षा दहा-पंधरा वर्षांच्या साथीची असते. एप्रिल 1995 मध्ये डेट्रॉइटने त्याला ॲनाहाइमला देऊन टाकले, तेव्हाच त्या अपेक्षेवर पाणी पडले. पुढचा सगळा प्रवास म्हणजे त्याच निकालाची नक्कल.

उत्तरपक्ष : हाच हिशेब उलटाही मांडता येतो. सोडले अकरांनी, पण प्रत्येक वेळी कोणीतरी पुढे होऊन घेतलेच. नको असलेला खेळाडू बारा संघांत फिरत नाही, तो घरी जातो. आणि डेट्रॉइटने दिलेला निकाल त्याच्या खेळाविषयीच होता, हे आपण गृहीत धरता. त्या वेळचा डेट्रॉइटचा संघ एकदा डोळ्यांखालून घालावा.

तो संघ पाहण्यासारखा आहेच. 1989 चा डेट्रॉइटचा ड्राफ्ट हा हॉकीच्या इतिहासातल्या सर्वांत यशस्वी ड्राफ्टपैकी एक मानला जातो. त्यात सिलिंजर ही त्यांची पहिली निवड होती. त्याच्या मागून 53 व्या क्रमांकावर निकलस लिडस्ट्रॉम, 74 व्या क्रमांकावर सर्गेई फेडोरॉव्ह आणि 221 व्या क्रमांकावर व्लादिमीर कॉन्स्टँटिनॉव्ह आले. सिलिंजर सेंटर होता. सेंटर म्हणजे आघाडीच्या तीन खेळाडूंमधला मधला गडी. संघाच्या अशा चार फळ्या असतात आणि त्या पाऊण-एक मिनिटाला आळीपाळीने बर्फावर उतरतात. म्हणजे संघात सेंटरच्या जागा चारच, आणि त्यांतल्या खऱ्या मोक्याच्या पहिल्या दोन. डेट्रॉइटमध्ये त्या दोन जागांवर कर्णधार स्टीव्ह आयझरमन आणि फेडोरॉव्ह होते. 1991-92 चा हंगाम सिलिंजरने मुख्यतः दुय्यम लीगमधल्या ॲडिरॉंडॅक रेड विंग्जकडून खेळून काढला. त्या संघाने त्या वर्षी त्या लीगचा कॅल्डर करंडकही जिंकला, पण वरचे दार किलकिलेच राहिले.

उरलेल्या दोन जागांपैकी एक 1993 नंतर क्रिस ड्रेपर नावाच्या खेळाडूकडे गेली, आणि फिरत्या खेळाडूविषयीची कोणतीही चर्चा या ड्रेपरपाशी अडते. ड्रेपरही 1971 चाच, तोही सेंटर, तोही 1989 च्याच ड्राफ्टमधला, पण विनिपेगने निवडलेला आणि तोही थेट 62 व्या क्रमांकावर. 1991 मध्ये सस्कॅटूनला झालेली जागतिक ज्युनिअर स्पर्धा जिंकणाऱ्या कॅनडाच्या संघात हे दोघेही होते. दोघांची गुणवैशिष्ट्येही जवळपास सारखी. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करण्यासाठी पंचाने टाकलेली चकती (पक), जिंकणे, आपला एक गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना दोन मिनिटे किल्ला लढवणे, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीला जखडून ठेवणे. विनिपेगने ड्रेपरला 1993 मध्ये डेट्रॉइटला विकले, ते एका डॉलरला. तो तिथे 17 हंगाम खेळला, 1997, 1998, 2002 आणि 2008 असे एनएचएल विजेतेपदाचे चार स्टॅन्ली करंडक त्याने उचलले आणि 2004 मध्ये सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डसाठीचा सेल्की करंडकही मिळवला. त्याचे एकूण गोल 161. सिलिंजरचे 240, आणि त्याच्या वाट्याला स्टॅन्ली करंडक एकदाही आला नाही.

उत्तरपक्ष : आता सांगावे, यात कोणाचा खेळ कमी पडला? एका डॉलरचा खेळाडू संस्था बनून राहिला आणि अकराव्या क्रमांकाचा बारा गावे फिरला. हा गुणवत्तेचा फरक नव्हे, जागेचा आहे.

पूर्वपक्ष : जागेचा असेल, पण जागा टिकवणे हाही गुणच आहे. ड्रेपर एका जागी राहिला म्हणून कर्क मॉल्टबी आणि जो कोसर, पुढे डॅरन मॅकार्टी, यांच्याबरोबर त्याची एक फळी जमली. ती फळी पुढे स्वतःच्या नावाने ओळखली गेली. कोण कुठे वळणार, कोण कधी बाहेर जाणार, हे त्यांना न पाहता कळत होते. असा मेळ वर्षानुवर्षांच्या सहवासाने जमतो. फिरत्या खेळाडूला तो कधीच लाभत नाही. तो दर वेळी नव्याने नावे पाठ करतो, नवी पद्धत शिकतो, आणि शिकून होईपर्यंत त्याची पुढची बदली आलेली असते. म्हणून त्याचे गोल आकड्यांत दिसतात, संघाच्या यशात दिसत नाहीत.

उत्तरपक्ष : सहवासाचा मुद्दा मान्य. पण मग संघ त्याला का घेत राहिले? कारण त्याचे कसब सहवासावर अवलंबून नव्हते. फेसऑफला दोन सेंटर समोरासमोर वाकतात, पंच मध्ये पक टाकतो, आणि तो कोणाच्या काठीला लागतो हे क्षणात ठरते. त्या क्षणात संघाची पद्धत, फळीचा मेळ, प्रशिक्षकाची व्यूहरचना, काहीच उपयोगाचे नसते. मनगट, तोल आणि पंचाच्या हाताकडे असलेली नजर एवढेच लागते. हे कसब सिलिंजरने व्हँकूव्हरहून फिलाडेल्फियाला नेले आणि टँपाहून मायामीजवळच्या फ्लोरिडाच्या संघालाही दिले. सोमवारी आलेला माणूस मंगळवारी कामाला लागतो, हेच त्याचे मोल.

फिरत्या खेळाडूची बाजारातली किंमत याच गुणातून ठरते, असे म्हणता येईल. सर्वांत प्रतिभावान खेळाडू सहसा फिरत नाही, कारण त्याच्याभोवती संघ उभारला जातो. अगदी सामान्य खेळाडूही फार फिरत नाही, तो खालच्या लीगमध्ये उतरतो. फिरतो तो मधला, ज्याच्याशिवाय संघाचे चालते, पण जो मिळाला तर संघाची एक उणीव लगेच भरून निघते. ज्या संघाला मार्चमध्ये, प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, तोंडावर शेवटच्या मिनिटात फेसऑफ जिंकणारा एक गडी हवा आहे, तो त्यासाठी ड्राफ्टमधली एखादी निवड द्यायला तयार असतो. ज्या संघाचा हंगाम बुडालेला आहे, तो द्यायला तयार असतोच.

ही देवघेव चालते कशी, हे पाहिल्याशिवाय दोन्ही पक्षांचा वाद अर्धवट राहील. एनएचएलमध्ये आज 32 संघ आहेत आणि एका संघात साधारणपणे 23 खेळाडू. करारात बदलीला मनाई करणारे खास कलम नसेल, तर संघ खेळाडूला त्याची संमती न विचारता दुसऱ्या संघाला देऊ शकतो. असे कलम मोठ्या नावांना मिळते, मधल्यांना क्वचितच. भारतीय वाचकाला आयपीएलची सवय आहे. ॲरन फिंच तिथे नऊ संघांकडून खेळला, त्यात पुणे वॉरियर्स आणि मुंबई इंडियन्स हे महाराष्ट्रातले दोन संघही होते. पण आयपीएल दोन महिन्यांत आटोपते आणि तिथल्या ट्रेडला खेळाडूची संमती लागते. एनएचएलचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल चालतो, प्रत्येक संघ 82 सामने खेळतो, आणि फोन जानेवारीतल्या एखाद्या सकाळी येतो. दुपारच्या विमानाने निघायचे, उद्या नव्या गणवेशात खेळायचे. घर, मुलांच्या शाळा, सामानसुमान मागून येते, किंवा हंगाम संपेपर्यंत येतच नाही.

दुसरा मार्ग वेव्हरचा. ठरावीक अनुभव असलेल्या खेळाडूला संघाने खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, पाठवायचे ठरवले तर आधी त्याचे नाव इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते. 24 तासांत कोणी मागितले तर तो त्या संघाचा, नाही मागितले तर खाली. काही करार दुहेरी असतात, वर खेळताना एक पगार आणि खाली उतरताच दुसरा. दोन्हींतली दरी मोठी आहे. एनएचएलमधला किमान पगार अलीकडे हंगामाला 7,75,000 डॉलर होता, खालच्या लीगमधला किमान पगार त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही.

सिलिंजरच्या बारा संघांपैकी स्वतः करार करून तो फक्त दोन ठिकाणी गेला, 2001 मध्ये कोलंबसला आणि 2006 मध्ये आयलंडर्सकडे. डेट्रॉइटने तर त्याला ड्राफ्टमध्ये निवडलेच होते. उरलेल्या सगळ्या बदल्या इतरांनी ठरवलेल्या. त्याच्या बदल्यात काय दिले गेले, ही यादी वाचण्यासारखी आहे. व्हँकूव्हरने फिलाडेल्फियाकडून पाचव्या फेरीतली एक निवड घेतली. टँपाला तो ख्रिस ग्रॅटनबरोबरच्या मोठ्या व्यवहारात मिळाला, त्यात मिकाएल रेनबर्ग आणि डेमंड लँगकाउ हे फिलाडेल्फियाला गेले. ऑटावाकडून फ्लोरिडाने त्या वेळी काहीच घेतले नाही, पुढे पाहू एवढ्यावरच व्यवहार झाला. माणूस तोच, कसब तेच, मोल मात्र दर वेळी समोरच्याच्या गरजेप्रमाणे.

या यादीतली 22 जुलै 2003 ही तारीख वेगळी काढावी लागते. त्या दिवशी कोलंबसने सिलिंजर आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड डॅलसला देऊन डॅरिल सिडॉरला घेतले. त्याच दिवशी डॅलसने सिलिंजरला फिनिक्सला पाठवले आणि टेप्पो नुमिनेनला आणले. डॅलस हे नाव म्हणूनच त्याच्या बारा संघांच्या यादीत नाही.

पूर्वपक्ष : याहून स्पष्ट पुरावा काय हवा? एका दिवसात दोनदा विकला गेलेला माणूस खेळाडू उरत नाही, चलन होतो. आपण ज्याला सगळ्यांना हवा असलेला म्हणता, तो प्रत्यक्षात सगळ्यांना सुट्टा करून हवा होता.

उत्तरपक्ष : त्याच व्यवहारातला नुमिनेन पाहावा. 1988 पासून तो एकाच संघाशी बांधलेला. संघ विनिपेगहून फिनिक्सला हलला, तेव्हा तोही हलला. 15 हंगाम एका घरात काढूनही अखेर तोही एका व्यवहारातलाच भाग झाला. चलन म्हणायचे तर सगळेच चलन. फरक इतकाच, की काही नोटा उशिरा मोडल्या जातात.

पूर्वपक्ष : पण उशिरा मोडल्याने घर उभे राहते. मुले एका शाळेत शिकतात, शहरात लोक नावाने ओळखतात, निवृत्तीनंतर त्याच संघात काम मिळते. फिरत्याला यातले काय?

या ठिकाणी उत्तरपक्षाला बोलायला फारसे नाही, आणि नसावेच. मुलांच्या शाळेचा, जोडीदाराच्या नोकरीचा आणि सततच्या आवराआवरीचा भार कोणत्याही आकडेवारीत येत नाही. सिलिंजरचा मुलगा कोल याचा जन्म मे 2003 मध्ये कोलंबसला झाला, आणि दोनच महिन्यांत वडिलांना तिथून हलवले गेले. 2021 मध्ये त्याच कोलंबसने कोलला ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर निवडले. वडिलांची निवड अकरावी, मुलाची बारावी. घराण्यात खेळ टिकला, गाव मात्र टिकले नव्हते.

पूर्वपक्षाचा आणखी एक समज मात्र खोडावा लागतो. फिरता खेळाडू उत्तरोत्तर झिजत जातो आणि प्रत्येक पुढचा संघ मागच्यापेक्षा कमी अपेक्षेने त्याला घेतो, असे सहसा धरले जाते. सिलिंजरचा सर्वोत्तम हंगाम 2005-06 चा, वयाच्या 34 व्या वर्षीचा. त्या वर्षी तो सेंट लुइसकडून सुरुवात करून नॅशव्हिलला पोहोचला. दोन संघांत मिळून 32 गोल. सेंट लुइस त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत तळाला होता, नॅशव्हिल प्लेऑफमध्ये गेला. बुडालेल्या संघात राहून चांगला खेळ केला की चढत्या संघाकडून मागणी येते, हा फिरत्या खेळाडूचा एक ठरलेला मार्ग आहे. त्यानंतर आयलंडर्सने त्याला तीन वर्षांचा करार दिला आणि पहिल्याच हंगामात त्याने 82 पैकी 82 सामने खेळून 26 गोल केले. हजाराव्या सामन्याचा टप्पाही त्याने त्यांच्याकडूनच ओलांडला.

पूर्वपक्ष : सिलिंजर भाग्यवान. तो वरच्या लीगमध्ये फिरला. त्याच्याखाली जे फिरतात त्यांचे काय?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण फिरत्या खेळाडूंची खरी गर्दी वर नाही, खाली आहे. एएचएलच्या खाली 1988 मध्ये सुरू झालेली ईसीएचएल आहे. तिथे पगार आठवड्याच्या हिशेबाने मिळतो आणि राहायला जागा क्लब देतो. टोरंटोचा ग्लेन मेट्रोपोलिट तिथून सुरुवात करून आला. त्याला कोणत्याही संघाने ड्राफ्ट केले नव्हते. फ्लोरिडातल्या पेन्साकोलासारख्या, बर्फाशी काही संबंध नसलेल्या गावातही तो खेळला. तिथून एक-एक पायरी चढत तो 1999-2000 मध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला. पुढे जागा गेली, तेव्हा तो युरोपला गेला. स्वित्झर्लंडच्या लुगानोने 2006 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा तो त्यांचा मुख्य खेळाडू होता. त्या बळावर तो पुन्हा एनएचएलमध्ये आला, अटलांटा, सेंट लुइस, बोस्टन, फिलाडेल्फिया, माँट्रियाल अशा संघांकडून खेळला, आणि मग परत युरोपला. एनएचएलमधले त्याचे सामने 407. पेन्साकोलाच्या ज्या संघातून तो निघाला, तिथले बहुतेक जण कधीच वर पोहोचले नाहीत.

उत्तरपक्ष : तरीही युरोपचा दरवाजा उघडा असतो, हे आपण सोडून देता. फिनलंड, स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी या देशांच्या लीग कॅनडाच्या खेळाडूंना घेतात, आणि तिथले वेळापत्रक कुटुंबाला जास्त सोसवणारे असते. आणि कधी कधी एका ट्रेडने नशीबही उघडते. रॉन हेन्सी 907 सामने खेळला, तोवर त्याने प्लेऑफचा एकही सामना पाहिला नव्हता. इतकी वाट दुसऱ्या कोणत्याही खेळाडूने पाहिली नव्हती. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅरोलायनाने त्याला पिट्सबर्गला दिले आणि त्याच जूनमध्ये त्याच्या हातात स्टॅन्ली करंडक होता.

हेन्सीचे उदाहरण सुखद आहे, पण त्यावर सिद्धांत उभारता येत नाही. त्याला पिट्सबर्गला पाठवणाऱ्यांनी त्याचे भले पाहिले नव्हते, कॅरोलायनाचे पाहिले होते. फिरत्या खेळाडूच्या वाट्याला येणारे चांगले आणि वाईट दोन्ही इतरांच्या गरजांचे उपफळ असते. पूर्वपक्षाची चूक अशी, की तो या गरजांचा निकाल खेळाडूच्या कुवतीवर लादतो. उत्तरपक्षाची चूक अशी, की तो त्याच गरजांना खेळाडूच्या मागणीचे मोठे नाव देतो. ड्रेपर आणि सिलिंजर शेजारी ठेवले की पूर्वपक्षाला उत्तर मिळते, 22 जुलै 2003 चा दिवस समोर ठेवला की उत्तरपक्षाला. दोहोंत पूर्वपक्षाची चूक जास्त गंभीर आहे, कारण एका संघाच्या सेंटरच्या जागा भरलेल्या होत्या एवढ्यावरून ती एका माणसाच्या वीस वर्षांच्या कामाला अपयश ठरवते.

सिलिंजरचा शेवट कोणत्याही ट्रेडने झाला नाही. 2008-09 मध्ये तो आयलंडर्सकडून जेमतेम सात सामने खेळू शकला. खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि ऑगस्ट 2009 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तो नव्या खेळाडूंच्या जडणघडणीचे काम पाहू लागला, एडमंटन ऑइलर्ससाठी. ज्या संघांकडून तो कधी खेळला नव्हता, त्यांपैकी हा एक.